काटा २४०० वर आहे, पण इंजिन किती कष्ट घेतंय? लहान विमानाची पॉवर सेटिंग ठरवताना

मे महिना, दुपारचे साडेतीन. क्रॉस कंट्रीवरून (लांबच्या उड्डाणावरून) नुकताच उतरलो होतो. सेसना १७२ एनच्या स्ट्रटवरच्या पायरीवर एक पाय ठेवून वर चढलो, टाकीचं झाकण उघडलं आणि डिपस्टिक बुडवली. बाहेर काढली तर निळसर ओल माझ्या हिशेबाच्या खुणेपेक्षा बरीच खाली. कपड्याने पुसून पुन्हा बुडवली. तीच खूण. दुसऱ्या टाकीतही तोच प्रकार. दोन तास छत्तीस मिनिटांच्या उड्डाणाला मी साडेएकवीस गॅलन धरले होते, गेले होते सत्तावीस. खाली उभे असलेले इन्स्ट्रक्टर सर शांतपणे म्हणाले, “जाळलंस की सांडलंस?”

सांडलं काहीच नव्हतं. वाटेत मी २५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) लावले होते, कारण सगळे तेच लावतात. आणि मिक्श्चरचा, म्हणजे हवेत किती फ्युएल मिसळायचं ते ठरवणारा, लाल नॉब टेकऑफला आत ढकलला तो उतरेपर्यंत तसाच होता. टाकीत पुरेसं फ्युएल उरलं होतं, पण त्यात माझ्या हिशेबाचा काडीचाही वाटा नव्हता.

त्यानंतर मी पॉवर सेटिंग हा विषय पहिल्यापासून शिकलो. दहा ते पन्नास तासांच्या दरम्यान असलेल्या, सोलो (एकट्याने उड्डाण) झालेल्या पण क्रूझचा (सरळ पातळीवरच्या प्रवासाचा) तक्ता अजून परीक्षेपुरताच उघडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः सेसना १७२ ची, कारण आपल्याकडे बहुतेकांचे हात त्यावरच बसतात. तुमच्या विमानाचं हँडबुक आणि तुमचे इन्स्ट्रक्टर जे सांगतील ते माझ्या लिहिण्याच्या वर.

आधी जवळ काय हवं

- त्याच विमानाचं हँडबुक. ‘१७२ चं’ नव्हे, ज्या नोंदणी क्रमांकाचं विमान उडवणार त्याचं. १७२ एनचं इंजिन १६० अश्वशक्तीचं आणि कार्ब्युरेटरचं. १७२ एसचं १८० अश्वशक्तीचं आणि फ्युएल इंजेक्शनचं. १७२ आरचं इंजिन एसचंच, पण २४०० आरपीएमला १६० अश्वशक्तीवर बांधलेलं. नाव एकच, आकडे तीन तऱ्हांचे. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ तुमच्या विमानाची असेलच असं नाही.
- हँडबुकच्या शेवटी जोडलेल्या पुरवण्या. इंजिन किंवा पंखा बदललेला असेल तर खरे आकडे तिथे असतात.
- ताजा हवामान अहवाल: तापमान आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब).
- त्या विमानासाठी खुणा केलेली डिपस्टिक.
- फ्लाइट कॉम्प्युटर, गोल चकतीचा चालेल. पेन्सिल, खोडरबर.
- एक साधी वही. तिचं काम शेवटी सांगतो.

गॅलन आणि लिटरचा गोंधळ इथेच मिटवून टाका. सेसनाचं हँडबुक अमेरिकन गॅलनमध्ये बोलतं, बाउझरवाला (फ्युएलची गाडी आणणारा) लिटरमध्ये. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन त्याहून मोठा, साडेचार लिटरचा. फ्लाइट कॉम्प्युटरवर दोन्हींच्या खुणा असतात आणि घाईत बोट हमखास चुकीच्या खुणेवर जातं.

१. आरपीएम म्हणजे पॉवर नव्हे

दही घुसळताना आणि त्यात पाणी घातल्यावर पातळ ताक घुसळताना रवी त्याच वेगाने फिरवून बघा. फेरे तेवढेच, पण मनगटाला लागणारा जोर वेगळा. फिक्स्ड पिच पंख्याचं, म्हणजे पात्यांचा कोन बदलता न येणाऱ्या पंख्याचं, तसंच आहे. टॅकोमीटर तुम्हाला रवीचे फेरे दाखवतो, मनगटाचा जोर नाही.

खाली दाट हवेत २४०० फेऱ्यांसाठी इंजिनला बरंच काम करावं लागतं. आठ हजार फुटांवर विरळ हवेत तेच २४०० कमी जोरावर मिळतात. म्हणून तीच टक्केवारी (इंजिनाच्या पूर्ण पॉवरच्या किती टक्के) राखायची तर जसजसं वर जाल तसतसे आरपीएम वाढवावे लागतात. १७२ एनच्या तक्त्यात ७५ टक्क्यांसाठी दोन हजार फुटांवर २५०० च्या आसपास लागतात, आठ हजार फुटांवर २६५० च्या आसपास. हजार फुटांमागे साधारण २५ आरपीएम.

हे तक्ता न उघडताही दिसतं. १७२ च्या टॅकोमीटरवरची हिरवी पट्टी नीट बघा. तिचं वरचं टोक एकसलग नसून पायऱ्यापायऱ्यांचं असतं: एक पायरी समुद्रसपाटीची, एक पाच हजार फुटांची, एक दहा हजारांची. मी चाळीस तास त्या काट्याकडे बघत होतो आणि ती पायरी छपाईतली चूक आहे असं समजत होतो.

फिक्स्ड पिचची आणखी एक खोड. थ्रॉटलला (पॉवर कमी-जास्त करणाऱ्या नॉबला) हात न लावता नाक खाली घातलं तर आरपीएम वाढतात, वर केलं तर पडतात. त्यामुळे चढाईतून सरळ पातळीवर आल्या आल्या आकडा लावून मोकळं होऊ नका. वेग वाढत जातो आणि दोन मिनिटांत काटा आपोआप पन्नास-शंभरने वर सरकलेला असतो. आधी वेग स्थिर होऊ द्या, ट्रिम करा (कंट्रोलवरचा हाताचा जोर काढा), मग आकडा लावा, मिनिटभराने पुन्हा बघा.

२. आज हवा किती ‘उंच’ आहे ते काढा

अल्टिमीटरच्या खिडकीत १०१३ लावा, जो आकडा दिसेल ती प्रेशर अल्टिट्यूड. तक्ता त्याच उंचीने वाचायचा असतो. वहीत मांडायचं तर क्यूएनएच १०१३ पेक्षा जितके हेक्टोपास्कल कमी, तितके गुणिले तीस फूट उंचीत मिळवा.

मग तापमान. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर हजार फुटांना सुमारे दोन अंश उतार. प्रत्यक्ष तापमान त्यापेक्षा जितकं जास्त, त्या प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट मिळवले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणाच्या हिशेबाने तुमची उंची.

पुणे, संभाजीनगर, नाशिक, बारामती या सगळ्या धावपट्ट्या दोन हजार फुटांच्या आसपास आहेत. समजा उंची १९०० फूट, मे महिन्यातली दुपार, ४० अंश, क्यूएनएच १००३. दाब १० ने कमी, म्हणून तीनशे फूट मिळवले: प्रेशर अल्टिट्यूड २२००. त्या उंचीला प्रमाण तापमान साडेदहा अंश, आपलं ४०, फरक साडेएकोणतीस. गुणिले १२०, म्हणजे साडेतीन हजार. बेरीज ५७०० फूट.

चाकं जमिनीवर आहेत, पण इंजिन, पंखा आणि पंख यांच्या लेखी तुम्ही महाबळेश्वरापेक्षाही हजारभर फूट वर आहात. सकाळी सहाला सोलो सोडणारे सर दुपारी नाही का म्हणतात, ते या बेरजेत आहे.

३. टेकऑफ आणि चढाई

इथे ठरवण्यासारखं फार नाही. थ्रॉटल पूर्ण आत. ‘इंजिनवर ताण नको’ म्हणून थोडं मागे ठेवणारे मी पाहिले आहेत. कार्ब्युरेटर पूर्ण थ्रॉटलला जादा फ्युएल सोडतो आणि ते इंजिन थंड ठेवायला मदत करतं. थोडं मागे ओढलंत तर पॉवर गेली आणि थंडावाही गेला.

धावायला सुरुवात होताच काट्यावर एक नजर. हँडबुकात स्टॅटिक आरपीएमची (उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला मिळणाऱ्या फेऱ्यांची) मर्यादा दिलेली असते. तेवढे आले नाहीत तर थ्रॉटल मागे आणि हँगरकडे परत. ‘आज ऊन आहे म्हणून असेल’ असं स्वतःला समजावत धावपट्टी संपवू नका.

मिक्श्चरबद्दल १७२ चं हँडबुक म्हणतं की तीन हजार फुटांपेक्षा उंच धावपट्टीवर, उभ्याने पूर्ण थ्रॉटल देऊन, सर्वाधिक आरपीएम मिळतील इतकं लीन करा, म्हणजे फ्युएल कमी करा. लायकमिंगचा, म्हणजे इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा, सल्ला पाच हजार फूट डेन्सिटी अल्टिट्यूडच्या पुढचा. आपली धावपट्टी पहिल्या नियमात बसत नाही आणि मेच्या दुपारी दुसऱ्यात बसते. हा पेच सोलोला एकट्याने सोडवायचा नाही. इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा रनअपला (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीला) करून बघा, लीन केल्यावर काटा किती चढतो ते डोळ्यांनी बघा, आणि तुमच्या स्कूलचा नियम काय तो विचारून ठेवा.

चढाईतही फिक्स्ड पिचला पूर्ण थ्रॉटल चालतं. तेलाचं तापमान चढायला लागलं तर पॉवर कमी करण्याआधी नाक थोडं खाली घाला. वेग वाढला की सिलिंडरना वारा लागतो.

४. क्रूझला किती टक्के हवेत ते ठरवा

आरपीएम ठरवण्याआधी टक्के ठरवायचे. बहुतेक जण उलटं करतात.

७५ टक्के ही वरची सीमा धरा. लायकमिंगच्या या इंजिनांना ७५ किंवा त्याखाली कुठल्याही उंचीवर लीन करायची मुभा आहे, त्यावर नाही. ६५ टक्के ही कंपनीनेच इंजिनाच्या दीर्घायुष्यासाठी सुचवलेली पॉवर. ५५ च्या आसपास मी तेव्हाच जातो जेव्हा पुढे ट्रॅफिकमुळे घिरट्या घालायच्या असतात किंवा खाली काही निवांत बघायचं असतं.

वेगाचा मोह किती महाग पडतो ते बघा. १७२ एन, दोन हजार फूट, प्रमाण तापमान. २५०० आरपीएमला ७५ टक्के, ११६ नॉट, तासाला ८.४ गॅलन. २४०० ला साधारण ६७ टक्के, १११ नॉट, साडेसात गॅलन. वारा नसताना १२० नॉटिकल मैलांना पहिल्याने ६२ मिनिटं लागतील, दुसऱ्याने ६५. तीन मिनिटांसाठी दोनेक लिटर जादा आणि कानाला जास्त गोंगाट. आपण तर तास भरायला उडत असतो, घाई कोणाला आहे?

समोरून जोरदार वारा असेल तर मात्र थोडी जास्त पॉवर परवडते, कारण त्या वाऱ्यात जितका कमी वेळ काढाल तितकं बरं. पाठीमागून वारा असेल तर खुशाल कमी करा.

एक अपवाद. नवीन किंवा नुकतंच ओव्हरहॉल झालेलं इंजिन असेल तर पहिले पन्नास तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत, ७५ टक्क्यांच्या खाली रेंगाळू नका. जोर पडल्याशिवाय पिस्टन रिंगा नीट बसत नाहीत. माझ्या एका बॅचमेटने नवं इंजिन फुलासारखं जपलं आणि मेंटेनन्सवाल्या काकांच्या शिव्या खाल्ल्या.

५. आता तक्ता

प्रेशर अल्टिट्यूडची ओळ, तिच्यात आरपीएम, आणि समोर तापमानाचे तीन रकाने: प्रमाणापेक्षा २० अंश कमी, प्रमाण, २० अंश जास्त. प्रत्येकात टक्के, वेग, तासाचं फ्युएल.

सापळा मधल्या रकान्याचा. तो मधोमध असतो, ‘प्रमाण’ असं लिहिलेलं असतं, डोळा तिथेच जातो. साडेपाच हजार फुटांवर प्रमाण तापमान चार अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्या उंचीवर चोवीस-पंचवीस अंश सहज असतात. म्हणजे उन्हाळ्यात आपला रकाना बहुतेक वेळा उजवीकडचा. त्याच आरपीएमला तिथे टक्के तीन-चारने कमी दिसतील. बाहेरचं तापमान काचेवरच्या थर्मामीटरवर त्या उंचीला पोचल्यावर वाचा, जमिनीवरचं धरू नका.

काही घरांत नुसत्या रेघा असतात. आकडा छापायचा राहिलेला नाही, ते सेटिंग वापरायचं नाही असा त्याचा अर्थ. उंची दोन ओळींच्या मध्ये आली तर मी फ्युएलसाठी जास्त खपाची ओळ धरतो आणि वेगासाठी कमी वेगाची. परीक्षेत इंटरपोलेशन करा (दोन ओळींमधला आकडा काढा), आकाशात पदरचे दोन लिटर जास्त धरा.

तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. १७२ एनच्या तक्त्यातले वेग चाकांवरची फेअरिंग (वारा कापणारी आवरणं) बसवलेल्या विमानाचे आहेत आणि ती दोनेक नॉट वाढवतात असं तिथेच लिहिलं आहे. ट्रेनिंगच्या विमानांची फेअरिंग चिखल अडकतो म्हणून अनेकदा काढून ठेवलेली असते. मग ते दोन नॉट तुमचे नाहीत.

आणि त्या तासाच्या खपात स्टार्ट, टॅक्सी, टेकऑफ नसतो. एनच्या हँडबुकात त्यासाठी १.१ गॅलन वेगळे धरले आहेत, चढाईचा तक्ता वेगळा. होल्डिंग पॉइंटवर (धावपट्टीआधी थांबायच्या जागेवर) तुमच्यापुढे चार विमानं उभी असतील तर १.१ पुरत नाही.

६. लीन करणं

माझे साडेपाच गॅलन इथे गेले.

पूर्ण रिच (जास्तीत जास्त फ्युएलचं) मिक्श्चर जमिनीलगतच्या दाट हवेसाठी आणि पूर्ण पॉवरसाठी जुळवलेलं असतं, त्यातही थंडाव्यासाठी थोडं जादा फ्युएल धरून. वर गेल्यावर हवा कमी होते, फ्युएल मात्र जवळपास तेवढंच येत राहतं. ते नीट जळत नाही, स्पार्क प्लगवर काजळी आणि शिशाचे गोळे साचतात, आणि तक्त्यातला खप कागदावर राहतो. कारण तक्त्यातले सगळे आकडे लीन केलेल्या इंजिनाचे आहेत. हे वाक्य तक्त्याच्या माथ्यावर छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

एक्झॉस्ट तापमानाचा गेज नसेल तर क्रम असा. पातळीवर या, वेग स्थिर होऊ द्या, आरपीएम लावा, पॉवर ७५ टक्क्यांच्या आत आहे याची तक्त्यावरून खात्री करा. मग लाल नॉब हळूहळू फिरवत बाहेर आणा. बटण दाबून ओढू नका, फिरवा. सुरुवातीला काटा किंचित चढतो. मग थांबतो. मग उतरायला लागतो. शिखरावरून २५ ते ५० आरपीएम उतरले की एनच्या हँडबुकातलं ‘रेकमेंडेड लीन’ आलं. त्याआधीच इंजिन खडबडायला लागलं तर नॉब थोडा आत फिरवा, गुळगुळीत होईपर्यंत. मग थ्रॉटलने आरपीएम पुन्हा जुळवा.

पहिल्यांदा करताना हात थरथरतो. आपण आकाशात इंजिनाचा घास तोडतोय असं वाटतं. सरांनी मला साडेचार हजार फुटांवर मुद्दाम इंजिन खडबडेपर्यंत बाहेर फिरवायला लावलं आणि म्हणाले, “आता दोन वेढे आत.” खडखड लगेच थांबली. त्या दोन वेढ्यांनंतर भीती गेली.

गेज असेल तर काम सोपं. १७२ एसच्या हँडबुकात तापमानाच्या शिखरापेक्षा ५० अंश फॅरनहाइट रिच बाजूला हे रेकमेंडेड लीन, आणि नेमकं शिखर हे सर्वांत काटकसरीचं. शिखराच्या पलीकडे, लीन बाजूला, उडवण्याबद्दल खूप चर्चा वाचाल. कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरना सारखं मिश्रण पोचत नाही, त्यामुळे एक सिलिंडर पलीकडे आणि दुसरा अजून अलीकडे असं होतं. शिकाऊ अवस्थेत त्या गल्लीत शिरू नका. सिलिंडर हेडचं तापमान दिसत असेल तर लायकमिंगचे दोन आकडे लक्षात ठेवा: जास्त पॉवरच्या क्रूझला ४३५ अंश फॅरनहाइटच्या खाली, काटकसरीच्या क्रूझला ४०० च्या खाली. लाल रेघ ५०० ला असली तरी रेघेच्या भरवशावर उडायचं नसतं.

उंची किंवा आरपीएम बदलले की लीन पुन्हा करायचं. हजार-दोन हजार फूट खाली आलात आणि नॉब तसाच राहिला तर आता मिश्रण गरजेपेक्षा लीन झालेलं असतं.

जमिनीवर टॅक्सी करतानाही लीन करतात, प्लग स्वच्छ राहावेत म्हणून. करायचंच तर इतकं करा की थ्रॉटल उघडल्यावर इंजिन अडखळेल. अर्धवट लीन करून विसरलात तर टेकऑफला इंजिन चालेल, पण तापत चालेल.

७. कार्ब्युरेटर असेल तर पावसाळा लक्षात ठेवा

ऑगस्टमध्ये पावसाच्या दोन सरींच्या मधल्या उघडिपीत लोकल सॉर्टीला (जवळपासच्या छोट्या उड्डाणाला) गेलो होतो. बाहेर बावीस-तेवीस अंश, हवा दमट. २४०० लावले होते. पाच मिनिटांनी बघतो तर २३५०. वाटलं थ्रॉटल सरकलं असेल, थोडं पुढे केलं. पुन्हा काही मिनिटांनी २३५०. पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा सरांनी माझं मनगट धरलं आणि कार्ब हीटकडे (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या नॉबकडे) बोट केलं.

ओढल्याबरोबर काटा आणखी पडला, इंजिन दोन-चार वेळा खोकलं. मी हीट परत आत ढकलणार, तेवढ्यात सर म्हणाले, “थांब.” वीसेक सेकंदांत काटा चढला. बर्फ वितळून पाणी इंजिनात गेलं होतं, म्हणून तो खोकला. त्या क्षणी घाबरून हीट बंद करणं ही सगळ्यात घातक चूक.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, फ्युएलची वाफ होते आणि तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त पडू शकतं. म्हणून बर्फाला हिमालय लागत नाही, दमट हवा पुरते. कमी पॉवरवर धोका अधिक, त्यामुळे हिरव्या पट्टीच्या खाली जाण्याआधी हीट ओढायची. फिक्स्ड पिचला पहिली खूण म्हणजे हळूहळू उतरणारा काटा. माझ्यासारखं थ्रॉटल पुढे करत राहिलात तर खूण झाकली जाते.

हीट चालू असताना गरम हवा विरळ असते, म्हणजे पॉवर कमी आणि मिश्रण रिच. टेकऑफला नको. ती हवा गाळणीतून येत नाही, म्हणून धुळीच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) तपासणीपुरतीच. १७२ एसमध्ये कार्ब्युरेटरच नाही, तिथे हा नॉब शोधू नका.

८. उतरताना

पाच हजारांवरून थ्रॉटल बंद करून घरंगळत येऊ नका. शंभर-दोनशे आरपीएम कमी करा, नाक थोडं खाली घाला, लवकर उतरायला लागा. लायकमिंग म्हणतं, सिलिंडर हेड मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटपेक्षा वेगाने थंड करू नका. मिक्श्चर टप्प्याटप्प्याने आत. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) आमच्याकडे १७२ ला डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेच्या टप्प्यात) २१०० च्या आसपास आणि बेसला (त्यापुढच्या आडव्या टप्प्याला) वळताना १५०० च्या आसपास लावतात. तुमच्या स्कूलचे आकडे वेगळे असतील तर ते धरा. हे आकडे सुरुवात करण्यापुरते. मेच्या दुपारी दोन माणसं आणि भरल्या टाक्या असतील तर विमान जास्त मागेल.

९. तिसरा लिव्हर आला की

पेट्रोल इंजिनाच्या डायमंड डीए४० सारख्या विमानात गेलात की कॉन्स्टंट स्पीड पंखा भेटतो, म्हणजे पात्यांचा कोन स्वतःच बदलून लावलेले फेरे राखणारा. आता आरपीएम निळ्या लिव्हरवर आणि थ्रॉटलचा हिशेब मॅनिफोल्ड प्रेशरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबावर), पाऱ्याच्या इंचांत. इंजिन बंद असताना हा गेज बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो: दोन हजार फुटांच्या धावपट्टीवर पावणेअठ्ठावीसच्या आसपास. स्टार्टच्या आधी एक नजर टाकली तर गेज खरं बोलतो का ते फुकटात कळतं. चढताना हजार फुटांमागे सुमारे एक इंच पडतो, म्हणून थ्रॉटल पुढे करत जावं लागतं.

क्रमाची भानगड सोपी. पॉवर वाढवताना उजवीकडून डावीकडे: मिक्श्चर, प्रोप (निळा लिव्हर), थ्रॉटल. कमी करताना डावीकडून उजवीकडे: थ्रॉटल, प्रोप, मिक्श्चर. उलटं केलंत तर कमी फेऱ्यांवर मोठा दाब पडतो.

‘इंचांचा आकडा आरपीएमच्या शंभराव्या भागापुढे कधीच जाऊ द्यायचा नाही’, म्हणजे २२०० ला २२ इंच ही हद्द, हे कोणीतरी छातीठोकपणे सांगेलच. तुमच्या हँडबुकचा तक्ता उघडा. त्यात २२०० ला २३ किंवा २४ दिलेले असतील तर ते सेटिंग कंपनीने तपासून छापलेलं आहे, वापरा. कमी फेरे म्हणजे कमी घर्षण आणि कमी आवाज. तक्त्यात नसेल तर वापरू नका, मग तो आकडा कितीही गोंडस दिसो.

धोका वेगळाच आहे. इथे पॉवर घटली तरी पंखा आपले फेरे राखतो, कानाला काही कळत नाही. खूण मॅनिफोल्ड प्रेशरवर दिसते. एकटं आरपीएम बघायची जुनी सवय इथे सोडावी लागते.

पुढे डीझेल इंजिनाचं डीए४२ मिळालं तर एका इंजिनाला एकच लिव्हर आणि पडद्यावर थेट टक्के. मिक्श्चर नाही, प्रोप नाही, संगणक सगळं जुळवतो. फ्युएलचा तक्ता मात्र तिथेही तुम्हालाच वाचायचा आहे.

१०. वही

प्रत्येक उड्डाणाची एकच ओळ: विमानाचा क्रमांक, प्रेशर अल्टिट्यूड, बाहेरचं तापमान, आरपीएम, तक्त्यातले टक्के, धरलेलं फ्युएल, डिपस्टिकने सांगितलेलं फ्युएल. डिप करताना विमान सपाट जमिनीवर हवं, नाहीतर एक टाकी खोटं बोलते.

माझ्या वहीत त्या मेच्या ओळीसमोर शेवटच्या रकान्यात साडेपाच गॅलनचा फरक आहे. त्याखालच्या ओळीत दोन. तिसऱ्यात दीड लिटर, आणि तेही बहुधा होल्डिंग पॉइंटवरच्या बारा मिनिटांचं.